गिअरबॉक्सएवढं खोकं

चिकटपट्टीचा वास आला की मला ती दुपार आठवते बघा. थोरल्यानं शाळेपासून जपलेलं क्रिकेटचं कार्ड दर्जा ठरवून घ्यायला अशा कार्डांना दर्जा देणाऱ्या परदेशी कंपनीकडे पाठवायचं होतं, आणि एक कोपरा जरी दुमडला तरी दर्जा घसरणार. आमचे हे चाकणच्या कंपनीत जन्मभर डिस्पॅचला होते. त्यांनी तळहाताएवढ्या कार्डाला पुठ्ठे, थर्माकोल, पट्ट्या लावून गिअरबॉक्सएवढं खोकं केलं. कुरियरच्या दुकानात नेलं तर तिथली पोर म्हणाली, "काका, परदेशी जातंय, आत काय आहे ते उघडून दाखवा." अर्धा तास कटर चालवला तेव्हा कुठे कार्ड दिसलं. थोरल्यानं उजेडात धरून पाहिलं, तर चारही कोपरे शाबूत! ह्यांनी तिथंच पुन्हा तेवढंच बांधलं. आता ते कार्ड चांगला दर्जा घेऊन कपाटात बसलंय, पण हे पाहुण्यांना कार्ड नाही, त्या परदेशी कंपनीनं ते ज्यातून परत पाठवलं ते खोकं दाखवतात, "बघा राव, एकच पट्टी! असलं पॅकिंग आमी गेटबाहेर सोडलं नसतं."