पंख पाडून येणारा कोंबडा

फिटरची बायको वारून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा कोंबड्याने पहिल्यांदा त्याची नडगी फोडली.

मागच्या अंगणातलं खुराडं हे तिचं राज्य. सहा कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. फिटरने तिकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. छत्तीस वर्षं तो कापडगिरणीत फिटर म्हणून मागांच्या खडखडाटात उभा राहिला आणि त्या खडखडाटाने त्याचे दोन्ही कान खाल्ले. कानातलं यंत्र त्याला सोसत नसे. बायको समोर येऊन, ओठ नीट हलवून बोलायची. ती गेली आणि घरातलं बोलणंच संपलं.

आता दाणे टाकायला तो आत गेला, की कोंबडा अंगावर यायचा. फिटर आधी मागे सरायचा, मग झाडू उगारायचा, मग रक्त पुसत बाहेर यायचा.

अंडी न्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा हे पाहिलं. त्या त्याच्यासमोर उभ्या राहून सावकाश म्हणाल्या, "भाऊ, मागे सरता ना, तिथेच चुकतं. त्याला वाटतं, आपण जिंकलो. आणि झाडू उगारलात की वाटतं, भांडण अजून बाकी आहे."

"मग करू काय?"

"काही करू नका. उभे राहा. तो काय म्हणतोय ते बघा."

"मला ऐकू कुठे येतं, ताई?"

"बघा म्हटलं मी. ऐका नाही म्हटलं."

दुसऱ्या दिवसापासून फिटर बादली पालथी घालून खुराड्याच्या तोंडाशी बसू लागला. नाहीतरी दिवस ढकलायचेच होते. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की कोंबडा सरळ चाल करून येत नाही. एक पंख जमिनीला टेकवून तिरका तिरका येतो, मानेची पिसं फुलवतो. अशा वेळी फिटर जागचा हलायचा नाही, त्याच्यावर नजरही रोखायचा नाही. मग कोंबडा उगाच माती टोचत बसायचा, जणू त्याच कामासाठी आला होता. तेव्हा समजायचं, राग ओसरला. मान वाकडी करून त्याने एक डोळा आभाळाला लावला, की वर घार असायची. दाणा सापडला तर तो उचलायचा, टाकायचा, पुन्हा उचलायचा. स्वतः खायचा नाही. त्याचा गळा हलताना दिसायचा आणि कोंबड्या धावत यायच्या.

बोलावतोय त्यांना, फिटरला कळलं. आपल्याला 'जेवायला चला' म्हणणारं आता कोणी नाही, हेही त्याला तिथेच बसल्या बसल्या उमगलं. तो उठून घरात गेला.

दोन महिन्यांत नडगीवरच्या खपल्या गळून पडल्या.

मग एका रविवारी मुलगा आला. खुर्चीच्या कडेवर टेकून, मोबाईलमध्ये बघत बोलत होता.

"वर बघून बोल," फिटर म्हणाला.

"शेजाऱ्यांचा फोन आला होता, बाबा. कोंबडा पहाटे चारला आरवतो म्हणे. देऊन टाका कोणाला तरी."

"मला नाही कोणी बोललं."

"तुम्हाला सांगून काय उपयोग, म्हणाले."

दोघांसाठी भात शिजत होता. फिटरने मुलाच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला दाराकडे वळलेल्या होत्या.

"निघ तू. उशीर होईल," तो म्हणाला.

मुलाचे खांदे सैल पडले. "फोन करतो," असं म्हणून तो गेला. बहिऱ्या माणसाला कसला फोन, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कोंबडा कोणाला द्यायचा नाही, हे फिटरने ठरवलं. आरवायला त्याला मान ताणावी लागते, हे त्याने पाहिलं होतं. त्याने बुटक्या छपराची, भोकं पाडलेली एक पेटी ठोकली. संध्याकाळी कोंबडा आत, सकाळी सात वाजता बाहेर. पुढे तक्रार आली नाही. शेजाऱ्याने भिंतीपलीकडून एकदा हात वर केला, तेवढंच.

एका सकाळी पेटीतून काढून तो कोंबड्याला काखेत धरून उभा होता. कोंबड्याने मान ताणली. हाताखाली बरगड्या फुगल्या आणि एक लांबलचक थरथर फिटरच्या तळव्यातून कोपरापर्यंत गेली. इतका वेळ आरवतो हा, हे त्याला ठाऊकच नव्हतं. कोंबड्या दाण्यांसाठी पायाशी घोटाळत होत्या. त्याने कोंबड्याला खाली सोडलं नाही.

"अजून एकदा," तो म्हणाला. किती मोठ्याने, ते त्याला कळलं नाही.