आकडसासूचं व्याकरण

देवाने माणसाला वाचा दिली ती माझ्या आकडसासूला दुरुस्त करायला काहीतरी असावं म्हणून, असं माझं पक्कं मत आहे. आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. पुण्यामुंबईकडे थोरली-धाकटी सगळ्यांना एकाच 'मेहुणी'त उरकतात. आमच्या चांद्याकडे मात्र धाकटी ती साळी आणि थोरली ती आकडसासू. हा शब्द कोणी बनवला ठाऊक नाही, पण ज्याने बनवला त्याने आमची पाहिली असली पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून होतो. तिथल्या एकांतात मला कविता सुचे आणि मलेरिया होई. त्या भरात माहेरी गेलेल्या बायकोला मी एक पत्र लिहिलं. चार पानं, त्यांत दोन चंद्र, एक मोर आणि 'हृदय' हा शब्द सहा वेळा. आठ दिवसांनी तेच पत्र परत आलं. आकडसासूने ते तांबड्या शाईने तपासलं होतं. हृदय सहाही ठिकाणी चुकलं होतं. खाली शेरा होता : "भावना बऱ्या. हृदय सुधारावे. दहापैकी चार." आज इतकी वर्षं झाली, पण तो शब्द लिहायची वेळ आली की मी 'काळीज' लिहितो.

तिचं लग्नही असंच एका वेलांटीवरून मोडलं. स्थळ चांगलं होतं, घरी तीस एकर धानाची शेती होती. पण मुलाने स्वतःच्या हाताने 'मुलगि पसंद आहे' असं कळवलं. तिने चिठ्ठी बापाच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ज्याले मुलगी दीर्घ लिहिता येत नाई, त्याच्यासंगं मी दीर्घ आयुष्य कसं काढू?" बाप हसला, भाऊ भडकला, आणि ती चिमूरजवळच्या आपल्या गावात कंदील लावून शिकत राहिली. परीक्षा तेवढ्या नागपूरला जाऊन देई. एम.ए. झाली तेव्हा वय बत्तीस. बाप तोवर गेला होता आणि भाऊ मात्र होता.

त्याच सुमारास चांद्याला नवं कॉलेज निघालं. देश नवा, राज्यघटना नवी, कॉलेज नवं. घटनेत बाई आणि पुरुष समान झाले होते म्हणतात, पण घटना दिल्लीला होती आणि आम्ही चांद्याला. कॉलेज काढलं एका लाकडाच्या ठेकेदाराने, आपल्या सागवानाच्या गोदामात. तोच सेक्रेटरी. सगळे त्याला सेक्रेटरीभाऊ म्हणत. लाकडातलं त्याला सगळं कळे. विद्येतलं काही कळत नसे, आणि त्यामुळे तो तिच्याविषयी फार आदराने बोले. माझं अक्षर वळणदार म्हणून त्याने मला डेपोतून उचलून कॉलेजचा कारकून केलं. मराठीच्या जागेसाठी जाहिरात दिली, तर नकाशात चांद्याभोवतीचं जंगल पाहूनच उमेदवार गळाले. उरली एकटी माझी आकडसासू. बायकोने हट्ट धरला, मी अर्ज पुढे सरकवला, आणि ती ट्रंक घेऊन आमच्या पुढच्या खोलीत राहायला आली. निघताना भावाने बजावलं होतं, "दोन वर्षं करून पाय. कायम झाली त ठीक. नाई त घुग्घुसचा बिजवर पाहून ठेवला हाये. तीन लेकरं हायेत, आयता संसार हाये." तेव्हा ही नोकरी तिच्या दृष्टीने नोकरी नव्हती. तिच्या एका बाजूला कॉलेज होतं आणि दुसऱ्या बाजूला तीन लेकरांसकट घुग्घुस.

कॉलेजात आठ प्राध्यापक होते. आठही विद्वान. बाई येणार म्हटल्यावर या आठ विद्वानांची आठवडाभर झोप उडाली. ती बसणार कुठे? जगात बाया पूर्वीपासून कुठे ना कुठे बसत आल्या आहेत, हे त्यांपैकी एकालाही आठवलं नाही. शेवटी प्राध्यापकांच्या खोलीत एका कोपऱ्याला बांबूची तट्टी उभी केली, आत एक खुर्ची टाकली, आणि 'बाईंची सोय झाली' म्हणून सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. ती काही न बोलता तट्टीमागे जाऊन बसली. मग मजा सुरू झाली. इतिहासवाले आपल्या सासुरवाडीचा पाहुणचार रंगवून सांगत असत. "तिथी गेलो की मले बासुंदी भेटली..." एवढ्यात तट्टीमागून आवाज येई, "माणूस भेटतो. बासुंदी मिळते." तर्कशास्त्रवाले नाव न घेता प्रिन्सिपॉलची निंदा करत असत. तट्टी म्हणे, "कर्ता कुठी गेला? निंदा करायची त नाव घेऊन करा." तोंड दिसत नाही आणि आवाज मात्र येतो, याने माणूस फार लवकर खचतो. महिन्याच्या आत आठही विद्वानांनी मिळून ती तट्टी स्वतःच्या हातांनी उपटली आणि मागच्या कुंपणाला लावली. "उगाच आडोसा कशाले बाई? आपन सारे एकच हो," असं अर्थशास्त्रवाले म्हणाले. ते आयुष्यात एकदाच खरं बोलले, आणि तेही घाबरून.

पण एक होणं एवढं सोपं नसतं. सभेचं इतिवृत्त मी लिहीत असे. 'सर्व प्राध्यापक उपस्थित होते' हे वाक्य मी इतक्या वळणदार अक्षरात लिही, की पुढचं कोणी वाचत नसे. आकडसासूने त्यावर सही करायला साफ नकार दिला. ती म्हणाली, "मुलगे आले, मुली आल्या. पण दोघं मिळून? मुलं आली. नपुंसकलिंग. घोळक्यात एक जरी बाई असली तरी 'सर्व उपस्थित होते' म्हणता येत नाई. 'सर्व उपस्थित होती' लिहा." अर्थशास्त्रवाल्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे बाई, तुम्ही आम्हा आठ जनाइले नपुंसकलिंगी करून राह्यल्या काय?" ती शांतपणे म्हणाली, "मी नाई करत, व्याकरण करते. माझा फक्त त्याले विरोध नाई." त्यावर दोन तास चर्चा झाली. त्या वर्षीच्या अभ्यासक्रमावर वीस मिनिटं झाली होती. शेवटी तिनेच 'मंडळी' हा शब्द सुचवला. प्राध्यापकमंडळी उपस्थित होती. सगळे स्त्रीलिंगी झाले, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही, त्यामुळे एकमताने मंजूर झालं.

दोन वर्षं भरली आणि तिला कायम करायचा विषय सभेत आला. त्याच सुमारास सेक्रेटरीभाऊंचा धाकटा जावई मराठी घेऊन तिसऱ्या वर्गात एम.ए. झाला होता, तिसऱ्या खेपेला. सेक्रेटरीभाऊंनी नियमांची वही उघडली. ही सव्वीस नियमांची वही माझ्याच अक्षरात होती. "नियम अकरा," ते म्हणाले, "जो प्राध्यापक दोन वर्षे समाधानकारक सेवा करील तो कायम समजला जाईल. 'तो' म्हनते नियम. 'ती' कुठी हाये? दाखवा बाई. तुम्हीच त म्हनता, शब्द पाहून बोला म्हनून." आठही विद्वान टेबलाकडे पाहू लागले. ते सागवानी टेबल इतकं सुंदर आहे, हे त्यांना त्या दिवशीच कळलं असावं. मीही त्या सभेत एक शौर्य गाजवलं. मी दौतीचं झाकण उघडून ठेवलं. आकडसासूने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि वही काखेत मारून घरी आली. घरी तिने भाकरी खाल्ली नाही. टेबलावर भावाचं पत्र येऊन पडलं होतं. त्यात 'कायम झाली काय?' एवढंच होतं, आणि चुका तीन. तिने त्या दुरुस्त केल्या नाहीत. मला त्या दिवशी पहिल्यांदा तिची भीती न वाटता तिच्यासाठी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाची घंटा झाली. बाई नाहीत. सव्वाअकराला सावकाश आल्या. मी हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. "जवाईबुवा," ती गोड आवाजात म्हणाली, "नियम चार. 'प्राध्यापक साडेदहानंतर आल्यास त्याच्या नावापुढे लाल खूण करावी.' 'त्याच्या' म्हणते नियम." आणि सही न करता गेली. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेली नाही : 'तो' वर्गात हजर राहील. वर्गणी दिली नाही : 'त्याने' द्यावी. सेक्रेटरीभाऊ खोलीत आले तेव्हा आठ विद्वान स्प्रिंगसारखे उठले आणि ही बसून राहिली. नियम नऊ : 'तो उठून उभा राहील.' तास मात्र एकही चुकवला नाही. कारण सव्वीस नियमांत शिकवण्याविषयी एकही नियम नव्हता.

महिनाभर हे चाललं. शेवटी सेक्रेटरीभाऊंनी पुन्हा सभा बोलावली. घाम पुसत म्हणाले, "बाई, लय झालं. आता तुम्हाले काहाडावंच लागते."

"काढा न भाऊ," ती वही पुढे सरकवत म्हणाली. "नियम सतरा वाचा."

त्यांनी वाचला. 'जो प्राध्यापक शिस्त मोडील त्यास एक महिन्याच्या नोटिशीने दूर करता येईल.' आवाज 'त्यास' या शब्दावर अडला.

"मले काढाचा नियम कुठी हाये, भाऊ? दाखवा. 'तो'मध्ये मी असन त अकराव्या नियमातही हावो. नसन त सतराव्यातही नाई. काय ते एकदा ठरवा. आनखी एक सांगून ठेवते. व्याकरणात बोलणाराले प्रथम पुरुष म्हनते, मग बोलणारी बाई का असंना. आत्ता मी बोलून राह्यली, म्हंजे प्रथम पुरुष मी. तुम्ही द्वितीय. अन् तुमचे जवाई इथी हजर नाईत, ते तृतीय."

तर्कशास्त्रवाल्यांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. तेवढं तर्कशास्त्र त्यांना येत होतं. सेक्रेटरीभाऊंनी वही मिटली. जंगल खात्याच्या हातोड्याचा शिक्का नसलेला ओंडका नाक्यावर अडकला, की तो विकताही येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. तसा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग मला म्हणाले, "लिहा. बाई कायम. पन नियम बदलनार नाई. लिहा का, या नियमांपुरतं बाईले 'तो' समजावं." मी लिहिलं, फार वळणदार अक्षरात. आठही विद्वानांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर पडताना प्रत्येकाने तिला सांगितलं की आपण पहिल्यापासून तिच्याच बाजूने होतो.

घरी बायकोने शिरा केला. आकडसासूने भावाला एका ओळीचं कार्ड टाकलं. घुग्घुसचा बिजवर टळला. मी दारात उभा राहून विचारलं, "मग बाई, जिंकलात की नाही?" तिने आधी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "नोकरी भेटली, जवाईबुवा." मिळाली नव्हे, भेटली. मी तिची चूक पकडणार होतो, पण तिचा चेहरा पाहून थांबलो. "ठरावाचा कागद तुमच्या हातून गेला. कोणी वाचणार होतं काय? 'तो'चा एक काना-मात्रा काढून 'ती'ची एक वेलांटी द्यायची होती." एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर तरी देता येतं.

पुढे तीन वर्षांनी रसायनशास्त्र शिकवायला सिरोंचाकडची एक मुलगी आली. घरी तेलुगू, त्यामुळे मराठीत लिंगाचा सगळा गोंधळ. "मी आला, बाई, मी शिकवला" असं ती बिनधास्त बोले. आठ विद्वान आकडसासूकडे पाहत बसत, की आता वीज कोसळेल. ती पोरीला नुसतं म्हणे, "बस माय, डबा खा आधी." दोन वर्षांनी त्या पोरीला कायम करण्याचा कागद माझ्याकडे लिहायला आला. मी टाक बुडवला, आणि माझं प्रसिद्ध अक्षर प्रथमच वाकडं आलं. 'जी प्राध्यापिका दोन वर्षे समाधानकारक सेवा करील ती कायम समजली जाईल, या नियमान्वये...' असा नियम कुठेच नव्हता. कागद सेक्रेटरीभाऊंपुढे ठेवला. ते लाकडाचा भाव करण्यात गुंतले होते. त्यांनी न वाचता सही ठोकली आणि कागद परत सरकवला. सगळं मिळून एवढाच वेळ लागला. एवढंच तर करायचं होतं. तेव्हाही त्यांनी वाचलं नसतं.

तो कागद नेऊन देण्याआधी मी घरी आणला आणि आकडसासूपुढे ठेवला. तिने चष्मा लावला, वाचला, पुन्हा वाचला, आणि 'ती' या शब्दावर बोट टेकवलं. मग कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आत वळून बायकोला म्हणाली, "काय वो, जवाईबुवा बाहेरून थकून आले. त्याइले चहा दे."