अंजनाबाईचा पुढं केलेला हात

सालेकशाच्या बाजारात बांगड्या भरून झाल्या की नव्या सुना बांगडीवालीच्या पाया पडायला वाकतात. आईनं घरी तसंच शिकवलेलं असतं. अंजना शहारेच्या पालात मात्र त्यांना अर्ध्यातच थांबावं लागतं.

"पाया नोको पडू व माय. पैसा हातात दे."

असं म्हणून ती तळहात पुढं करते. साबणाच्या पाण्यात राहून राहून बोटांची टोकं पांढरी पडलेला, काचेनं जागोजाग ओरखडलेला हात. पैसा सतरंजीवर ठेवलेला तिला चालत नाही, पेटीच्या झाकणावर चालत नाही, आणि दुरून टाकलेला तर नाहीच नाही. पोरींना वाटतं, ही बाईची लकब आहे. जुन्या बायांना कारण ठाऊक आहे.

कारण तिच्या आईपासूनचं. रुख्मा तिचं नाव. अंजनाच्या लहानपणी त्यांच्या वस्तीच्या टोकाशी एक बांगडीवाला यायचा. वस्ती बौद्ध होऊन तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती, विहार बांधून झालं होतं, पोरं शाळेत जात होती. बांगडीवाल्याचा हात मात्र वस्तीत पोचला नव्हता. गावातल्या बायांचे हात धरून तो बांगड्या भरायचा. इथं मात्र नुसत्या नजरेनं माप घ्यायचा, बांगड्या कागदात बांधून जमिनीवर ठेवायचा आणि चार पावलं मागं सरायचा. बायांनी पैसे जमिनीवर ठेवायचे. त्यावर पाणी शिंपडून तो ते उचलायचा. मग बाया घरी जाऊन आपापल्या हातानं बांगड्या चढवायला बसायच्या आणि अर्ध्या तिथंच वाढवायच्या. काच गेली, पैसा गेला, वर मनगटातून रक्त.

रुख्मानं स्वतःचे हात फोडून ही कला शिकून घेतली आणि मग सगळ्या वस्तीचे हात तिच्याकडे आले. "बांगडी चढवाची नसते," ती अंजनाला सांगायची. "हात ढिला करून त्याले बांगडीतून काढाचा असते." अंजना तिच्याच मनगटावर शिकली.

एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात अंजनानं ठरवलं की आपण बाजारात बसायचं. तिचा नवरा देवीदास तेव्हा उन्हाळ्यात तेंदूपत्ता मोजून घेणाऱ्या फडीवर आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्याला जात असे. तो म्हणाला, "तुह्या हातानं कोन बांगड्या भरन व?"

"ज्याले हात असन ते भरन."

पॅसेंजरनं ती गोंदियाला गेली. मुन्नालाल नावाचा ठोक बांगडीवाला होता, त्यानं नाव-गाव न विचारता पेटी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "संभाल के, बाई. काँच है, सब्जी नहीं." त्या दिवसापासून आजपर्यंत तिनं दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नाही.

पालात पहिल्यांदा आल्या त्या डोंगराकडच्या गोंड बाया. आल्या, बसल्या, हात पुढं केले. मग बाजारातल्याच भाजीवाल्या आल्या. एकीच्याही मनगटात काच वाढली नाही, ही गोष्ट बाजारात फिरायला वेळ लागला नाही. हळूहळू जुन्या मालगुजारांच्या गावांतून सुना यायला लागल्या. कोणी पैसे सतरंजीवर ठेवले की अंजना शांतपणे म्हणायची, "बाई, तुमचा पैसा खाली पडला." बाई गोरीमोरी व्हायची, उचलायची, हातात द्यायची. दुसऱ्या बाजारी पुन्हा यायचीच, कारण असा हलका हात दुसरीकडे नव्हता.

एका बाईला मात्र तिनं कधी टोकलं नाही. रामकलीबाई कटरे. मोठ्या पोवार शेतकऱ्याच्या घरातली. तिच्याच बांध्यांत देवीदास रोवण्याला जायचा. रामकलीबाई उभ्यानंच बांगड्या पसंत करायची, कागदात बांधून घ्यायची, नोट सतरंजीच्या कोपऱ्यावर ठेवायची आणि निघायची. अंजना ती नोट उचलत नसे. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक कडं ठेवायची, इतकंच. बाजार उठेपर्यंत नोट तशीच पडून असायची. मग देवीदास उचलायचा.

"माह्या हाताले चालते," तो म्हणायचा. "पोटाले तं अजून चालते."

एका बाजारी रामकलीबाईसोबत तिची पोरगी आली, रिंकी. आई रंग पाहत होती तेवढ्यात पोरगी खाली बसली आणि दोन्ही हात अंजनाच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली. अंजनानं एकदा वर पाहिलं. रामकलीबाईचं तोंड आवळलं होतं, पण भर बाजारात पोरीला ओढणार कशी? अंजनानं बांगड्या भरल्या. रामकलीबाईनं नोट कोपऱ्यावर ठेवली.

"माय, तुहे पैसे पडले," रिंकी म्हणाली. तिनं नोट उचलली आणि अंजनाच्या हातावर नीट ठेवली.

पुढं रिंकी जेव्हा जेव्हा आली तेव्हा तेव्हा तिनं हेच केलं. कळत होतं म्हणून की नाही, हे अंजनाला कधी समजलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. मग रिंकी शिकायला गोंदियाला गेली, नंतर नागपूरला आणि लग्न होऊन थेट आफ्रिकेत. नवरा इंजिनिअर, नैरोबीला.

दोन हजार बारामध्ये ती माहेरी आली, तशी बाजारात अंजनाच्या पालात येऊन बसली. हात पुढं करून गप्पा सुरू.

"मावशी, तठी रस्त्यावर भुट्टे भाजनारी बाई पन फोनवर पैसे घेते. साधा बटनाचा फोन."

"फोनवर? निगतात कोठून?"

"निगत नाई व. माह्या फोनातून तिच्या फोनात जातात."

"आन हातात?"

"हातात भुट्टा."

अंजना खूप हसली. भुट्टेवालीला कोणी फसवत नाही का, पाऊस आला तर पैसे भिजतात का, असं काहीबाही विचारत राहिली. पण घरी जाताना देवीदास सायकल ढकलत म्हणाला, "असं अठी आलं तं रामकलीबाईची मजा आहे. नोट ठेवाले वाकाचंही काम नाई."

यावर ती हसली नाही.

आणि अठी आलंच. नोटा बंद झाल्या त्या थंडीनंतर मुन्नालालच्या गल्ल्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटला. "लगवा लो, बाई," तो म्हणाला. "चिल्लर का झंझट ही खतम."

"मेरे को चिल्लर का झंझट पसंद है, शेठ," अंजना म्हणाली.

पण बाजारात येणाऱ्या पोरींकडे आता नोटा नसायच्या. कॉलेजच्या पोरी, शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सबाया. पालाशी यायच्या, फोन वर करायच्या. "काकू, स्कॅन आहे का?" नाही म्हटलं की पलीकडच्या दुकानात जायच्या. तिथं प्लास्टिकची कडी होती आणि चौकोनही होता. अंजनाची सतरंजी बाजार भरात असताना रिकामी दिसू लागली. शेवटी देवीदासनंच बँकेत आणि मुन्नालालकडे खेपा घालून तिच्या नावाचं कार्ड करून आणलं, पालाच्या बांबूला सुतळीनं बांधलं.

पहिला पैसा आला तो एका मोटरसायकलवाल्याचा. तो गाडीवरून उतरलाही नाही. "दोन-सहा मापाच्या हिरव्या, डझनभर. बांधून द्या," म्हणाला आणि गाडीवरूनच हात लांब करून फोन कार्डाकडे धरला. देवीदासचा फोन टुणकन वाजला. त्या माणसानं पिशवीच्या बंदात बोट अडकवलं आणि गेला.

अंजनानं पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तसंच आहे हो. कागदात बांधून, दुरून. फक्त पानी शिपडलं नाई."

"अवो, तो घाईत होता. बायकोनं पाठवलं असन."

"मले समजते. तो वाईट नाई. वाईट मानसाले मी टोकतो. याले काय म्हनू, सांगा."

तिनं कार्ड बांबूवरून सोडलं आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. धंदा निम्म्यावर आला तरी ते वर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रिंकीचा फोन आला. भावाचं, भुवनेश्वरचं लग्न होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती आता चीनमध्ये राहत होती आणि लग्नासाठी आली होती. "मावशी, घरी ये. सगळ्या बायांचा चुडा तूच भरशील."

कटऱ्यांच्या घरी चुडा भरायला दरवेळी गोंदियाचा एक म्हातारा यायचा. तो आता थकला होता. अंजनानं "येतो" म्हटलं, पण मांडवाच्या दाराशी पोचेपर्यंत तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: बसायला कुठं सांगतात.

रिंकीनं चटई मांडवाच्या मधोमध टाकली होती. जांभळीच्या डहाळ्यांची सावली, खाली शेणानं सारवलेलं अंगण. अंजना बसली आणि हात यायला लागले. मावश्या, आत्या, काकवा, दरेकशाकडची एक थोराड आजी. रिंकी बाजूला बसून चीनच्या गोष्टी सांगत होती.

"तठी भाजीवालीच्या गळ्यात कार्ड असते. भाजी घ्या, फोन दाखवा, चाला. माह्या खिशात नोट पाहून एक बाई हसली मले."

"मंग भाव करते का कोनी?" आजीनं विचारलं.

"भाव तं करतेच."

"मंग ठीक आहे," आजी म्हणाली.

सगळ्यांचे हात भरून झाले. रामकलीबाई मात्र सपरीत, म्हणजे ओसरीवर, सुपात तांदूळ निवडत बसली होती, तांदूळ केव्हाच निवडून झाले होते तरी.

"नवरदेवाच्या मायचे हात रिकामे?" कोणीतरी म्हणालं.

"मले कागदात बांधून दे," रामकलीबाई तिथूनच म्हणाली. "घालीन मंग मी."

"माय, मांगच्या खेपेले अख्खा डझन वाढवला तूनं," रिंकी म्हणाली. "बोटं पाह्य आपली."

रामकलीबाईनं बोटं पाहिली. वातानं सांधे सुजून बोरासारखे झाले होते. ती उठली, पदर सारखा केला, चटईवर येऊन बसली आणि दुसरीकडे तोंड करून हात पुढं केला.

अंजनानं तो हात घेतला. गरम होता आणि लाकडासारखा ताठ. तिनं साबणाचा फेस लावला, अंगठ्याच्या बुडाशी हळूहळू दाबत राहिली.

"ढिला सोडा, पाटलीनबाई. हात तुमचा नाई असं समजा."

"मंग कोनाचा व?"

"थोडा वेळ माहा."

बाया हसल्या. रामकलीबाईलाही हसू फुटलं आणि त्याच हिसक्यात हात ढिला झाला. पहिली बांगडी सुजल्या सांध्यावरून अलगद पार गेली. मग दुसरी. एकही वाढली नाही. रामकलीबाई आता इकडे तोंड करून पाहत होती. "दुखलं नाई व," ती म्हणाली, जशी काही तक्रारच होती.

रिंकीनं फोन काढला. "मावशी, कार्ड?"

"नगद नाई का?"

"चीनचे आहेत. अठचे सारे फोनातच."

अंजनानं पेटी उपसली, तळातून कार्ड काढलं. रिंकीनं फोन धरला आणि दिसलं ते मोठ्यानं वाचलं, "अंजना देवीदास शहारे. हेच नं?"

"हेच."

कटऱ्यांच्या मांडवात तिचं पूर्ण नाव पहिल्यांदा कोणी घेतलं होतं. रिंकीचा फोन वाजला, पैसे गेले. पण अंजनाचा तळहात सवयीनं पुढं आला होता आणि तसाच राहिला, रिकामा. तिच्या लक्षात आलं नव्हतं. रामकलीबाईच्या आलं.

ती उठून आत गेली. बाहेर आली ती ब्लाउजपीस, खोबऱ्याची वाटी आणि वर एक रुपया घेऊन. क्षणभर तिची नजर चटईच्या कोपऱ्यावर गेली. मग तिनं ते सगळं अंजनाच्या हातावर ठेवलं. रुपया घसरू नये म्हणून आपल्या वाकड्या बोटांनी तो तिच्या मुठीत दाबला. नवा चुडा दोघींच्या मधे किणकिणला.

"फोननं देल्लं ते देल्लं," ती म्हणाली. "लग्नाच्या घरून बांगडीवालीनं रिकाम्या हातानं जाऊ नये. आन जेवून जा."

सांजवेळी अंजना घरी आली तेव्हा देवीदास दारातच बसला होता.

"काय देल्लं पाटलीनबाईनं?"

"रुपया."

"एकच?"

"हातात," अंजना म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

पुढच्या बाजारी कार्ड पुन्हा बांबूवर चढलं. यावेळी तिनं ते आतल्या बाजूला बांधलं, सतरंजीवर बसल्याशिवाय फोन पोचणार नाही असं. तो मोटरसायकलवाला परत आला, तेव्हा ती म्हणाली, "घरवालीले घेऊन ये बाबू. आमच्या बांगड्या पिशवीत नाई जात." पुढल्या खेपेला तो खरंच घेऊन आला. ती लहानखुरी बाई बसून राहिली आणि हा बाजूला पेटी धरून उभा.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. फोन वाजला, पैसे आले, तरी अंजनाचा तळहात पुढं येतोच. पोरींना कळत नाही, यावर आता काय ठेवायचं. एक कॉलेजची पोरगी जरा वेळ पाहत राहिली आणि तिनं त्यावर टाळी दिली. ते पाहून पुढचीनंही दिली. आता तसंच पडून गेलंय. बाजार उठायच्या वेळी पालाजवळून गेलं तर आतून आधी फोनचा आवाज येतो आणि मागोमाग टाळीचा, भरल्या हाताच्या.