गंगेत शार्क!

आता तुम्ही हसणारच आहात, तर आधी कप खाली ठेवा. उगाच चहा अंगावर सांडेल!

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. मी तेव्हा पंचवटीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. कुठल्याशा मासिकात वाचलं, कच्छमध्ये शार्क माशाचे लाखो वर्षांपूर्वीचे दात सापडतात. दगड झालेले! झालं, डोक्यात किडाच शिरला. नाताळच्या सुट्टीत कच्छ! आमचे विज्ञानाचे पगारे सर तयार झाले, दोघांच्या बायका तयार झाल्या. एस.टी.नं सुरत, पुढं रेल्वे, सगळं ठरलं. सुमननं, म्हणजे आमच्या हिनं, नवा स्वेटरसुद्धा विणायला घेतला.

मी म्हटलं, "पगारे, आधी तालीम करू. गंगेवर जाऊ." आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.

"गंगेत शार्क?"

"सराव हो, सराव!"

रविवारी सकाळी भाजीबाजाराच्या खालच्या अंगाला आम्ही पिठाच्या चाळण्या घेऊन वाळू चाळत बसलो. आणि काय सांगू! माझ्या चाळणीत आला की! काळाभोर, चकचकीत, त्रिकोणी, टोकदार. हुबेहूब मासिकातल्या फोटोसारखा!

"पगारे, दात!" मी असा ओरडलो, की धुणं धुणाऱ्या बाया दचकल्या.

पगारे चाचरत म्हणाले, "पण सर, इथं समुद्र कुठं होता? नाशिकला तर सगळा लाव्हाच..."

"तुम्ही विज्ञान बघा. भूगोल माझ्याकडे!"

कच्छ रद्द! घरच्या गंगेत शार्क असताना तिकडं कशाला तडफडायचं? ही रुसली. म्हटलं, रुसू दे. दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं. पोरांनी घरी सांगितलं, घरच्यांनी बाजारात. दोन-चार दिवसांत पंचवटीभर झालं, गंगेत माणूस खाणारा मासा शिरलाय!

आणि मग रामकुंडावरचे एक गुरुजी दारात उभे. लालबुंद!

"मास्तर, काय चालवलंय हे? माझे यजमान बुडी मारेनात! काठावर बसून तांब्यानं अंघोळ करताहेत. एक जण तर विचारतोय, मासा शाकाहारी आहे का?"

"अहो गुरुजी, तो कधीच मेलाय! लाखो वर्षांपूर्वी! हा बघा पुरावा."

कापसात जपून ठेवलेला दात मी त्यांच्या हातावर ठेवला. गुरुजींनी तो उलटापालटा केला, वास घेतला, नखानं खरवडला.

"वहिनी, जरा बाहेर या. हे काय आहे?"

ही पदराला हात पुसत आली. "शिंगाड्याचं टरफल. का हो?"

"लाखो वर्षं?" गुरुजी माझ्याकडं वळले. "मास्तर, ही परवाची कार्तिकी एकादशी!"

आता तोंड कुठं लपवू? गुरुजी सोडायला तयार नाहीत. आठवडाभर, त्या थंडीत, रोज पहाटे यात्रेकरूंसमोर मी रामकुंडात बुड्या मारल्या. कुडकुडत बाहेर यायचो, की गुरुजी ओरडायचे, "बघा, आहेत ना मास्तर अख्खे? चला, उतरा!"

कच्छला आम्ही गेलो. जावंच लागलं, ही बोलेना ना! खरा दात तिथं सापडला, पण पगाऱ्यांना.

पण गाव थोडंच विसरतंय? जूनमध्ये एक नवे पालक पत्ता विचारत घरी आले. गरीब माणूस, हात जोडून म्हणाला, "नमस्कार. शिंगाडे सर इथंच राहतात ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही आतून म्हणाली, "हो हो, या ना! समोर बसलेत तेच."