अप्पांच्या दुकानापुढचा उकिरडा

चार शहाणी माणसं गाव सुधरवायला निघाली की किस्से आपोआप साचतात, उचलायला गाडी येत न्हाई! आमच्या शहर सुधार मंडळाचे अध्यक्ष कापडवाले शिवलिंगअप्पा. त्यांच्या दुकानाच्या पायरीलाच गावाचा उकिरडा. गिऱ्हाईक नाकाला पदर लावून पुढच्या दुकानात जायचं. मंडळ निघालं ते त्याच्यापायीच!

*

पहिल्याच मीटिंगला ठराव झाला, चौकाचौकात कचऱ्याचे ड्रम. दुसऱ्या दिवशी एकबी जागेवर न्हाई! एक सापडला एका म्हातारीच्या अंगणात, वर स्वच्छ फडकं.

"मावशी, हे कचऱ्याचं हाय!"

"कावून? नवा कोरा ड्रम कचऱ्याला, आन् मी पानी फुटक्या रांजनात भरू?"

सेक्रेटरी देशमुख सर तिला ड्रमला तोटी बसवून देऊन परत आले!

*

गावात केबल नवीनच आलती. सरांनी 'रस्त्यावर थुंकू नका' ही जाहिरात दिली. केबलवाल्यानं ती लावली नेमकी मॅचच्या शेवटच्या बॉलला! अर्धं गाव सरांच्या दारात.

सर खिडकीतून म्हणाले, "कुठंबी थुंका, पण हातातले दगड खाली ठेवा!"

*

स्पीडब्रेकर मंजूर झाला. जो तो म्हणे, माझ्या दुकानापुढं करा, गाडी थांबली की नजर मालावर जाती. एकटे अप्पा हात जोडून म्हणाले, "माझ्यापुढून गाडी जोरात जाऊ द्या रे बाबांनो!"

*

लग्नसराई तोंडावर आली. अप्पा रडकुंडीला. "यंदा उकिरडा हलला न्हाई, तर दुकान इकून कडा गावाला जावयाच्या दारात बसतो!"

बाजाराच्या दिवशी मी उकिरड्यावर पाटी ठोकली : 'मुरलेलं खत. मंडळाच्या मालकीचं. हात लावू नये.'

झालं! "मंडळाच्या बापाचं हाय का?" म्हणत लोकांनी बैलगाड्या भरल्या. नांदूरघाटचा एक पाव्हणा तर ट्रॉली घेऊन आला. दिवस मावळायच्या आत जागा साफ! अप्पांनी पेढे वाटले.

खाली एक जुना दगड निघाला, उर्दूत कोरलेला. निजामाच्या शाळेत गेलेला मंडळात मी एकटाच. वाकून, अक्षरांवर बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, "ह्यो सडकेचा मध्य!"

अप्पांची पायरी दगडाला खेटून. म्हणजे दुकान अर्ध्या रस्त्यात! अप्पांचा पेढा तोंडातच राहिला.

सकाळी बघतो, तर मंडळाचे अध्यक्ष घरचा केर टोपलं भरून दगडावर ओततेत!

"अप्पा, हे काय?"

"गप बे! तुझ्या घरचा कचरा कुटं टाकतोस तू? इकडं आन की!"