चष्मेवाल्याची डावी गिटार

समोरच्या दारातला चष्मेवाला म्हातारपणी एका बाईच्या नादी लागला आणि तिच्यासाठी त्याने गिटार आणली, ही बातमी गेल्या वर्षी तळमजल्यावरून निघून जिन्याने माझ्याकडे आली. निघताना ती बाई नुसती गाणारी होती. मधल्या मजल्यावर तिचा घटस्फोट झाला आणि माझ्यापर्यंत येईतो तिला दोन मुलंही झाली. मी ऐकलेलं तसंच पुढे ढकलत नाही, आधी खात्री करते आणि मगच मीठमसाला घालते. म्हणून साखर मागायच्या निमित्ताने त्यांच्याकडे डोकावले. गिटार होती. बाईही होती, पण फोनवर. ती त्यांची लेक बबडी निघाली. ती आता चौतिशीची आहे, दुसऱ्या गावात राहते आणि दवाखान्यात एक्स-रे काढते. माझी साखर मात्र फुकटची वाढली.

चष्मेवाल्यांना मी भावजी म्हणते. वयाने मोठे आहेत, पण चेष्टा करायला हे नातं बरं पडतं. माणूस शिस्तीचा. समोरच्याच्या नाकावर चष्मा केसभर तिरका दिसला, तर अनोळखी माणसालाही रस्त्यात थांबवून तो सरळ करणार. लेकीचंही तसंच केलं. बबडी जन्माची डावखुरी. चमचा डाव्या हातात दिसला की भावजी उजव्या हातात देणार. पेन्सिलचंही तेच. नवव्या वर्षी तिने हट्ट करून गिटार घेतली आणि उलटी धरली. यांनी ती फिरवून सुलटी केली. तिने पुन्हा उलटी केली, यांनी पुन्हा फिरवली. "जग उजव्यांचं आहे, सवय होईल," म्हणाले. सवय झाली, पण हात काही मोकळा झाला नाही. सहा वर्षं पोरगी रडतखडत वाजवत राहिली. मग एक दिवस तिने गिटार पलंगाखाली सरकवली आणि तिथून ती भंगारात गेली.

पंचवीस वर्षांनी यांना अचानक काय झालं, ते मी खोदून खोदून विचारलं. उत्तर देताना भावजींनी मान वर केली नाही.

"मागच्या खेपेला आली होती ना, तेव्हा दुकानात माझ्याशेजारी बसून एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू घट्ट करत होती. डाव्या हाताने. मी सहज बघितलं. तर तिने पेचकस गुपचूप उजव्या हातात घेतला. एवढी मोठी बाई, वहिनी. मी नुसतं बघितलं हो."

तर त्या बघण्याची भरपाई म्हणून ही जुनी इलेक्ट्रिक गिटार आली होती. सेमी-हॉलो म्हणजे मधोमध भरीव ओंडका, दोन्ही कुशी पोकळ आणि वर दोन नागमोडी भोकं. अर्धी भरीव, अर्धी पोकळ. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीसारखी. दोन्ही खांदे सारखे असल्यामुळे उलटी धरली तरी मांडीवर नीट बसते, म्हणून भावजींनी हीच निवडली. डावखुऱ्यांसाठी तयार मिळते की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "बिघडवलं मी, सुधारणारही मीच. तयार कशाला आणू?"

मग दोन महिने चष्म्यांच्या टेबलावर शस्त्रक्रिया चालली. तारांची जागा उलटीपालटी करायची, तर मानेच्या टोकाची खाचांची पट्टीही नवी हवी. पहिली पट्टी यांनी चष्म्याच्या फ्रेमच्या प्लॅस्टिकची कापली. तारांनी ती आठवड्यात चिरून ठेवली. दुसरी हाडाची केली आणि भिंग लावून एकेक खाच कानशीने घासली. आवाजाची चार बटणं नेमकी कोपराखाली यायला लागली, म्हणून ती वायरींसकट नागमोडी भोकातून बाहेर काढली आणि दुसऱ्या बाजूला नवी भोकं पाडली. बटणं आतून त्या भोकांत आणायला प्रत्येकाला बायकोचा शिवणाचा दोरा बांधला. एक दोरा सुटला आणि बटण पोटात गडगडलं. भावजी गिटार उलटी धरून हलवत बसले.

"ओकेल हं ती," बायको आतून म्हणाली. "आणि माझ्या चष्म्याचं दिवाळं निघालंय, काडीला दोरा बांधून फिरतेय, तो कोण बघणार?"

"बघतो गं."

"लाकडाचं झालं की माणसांचं बघा."

जुन्या चार भोकांवर यांनी तपकिरी काचेच्या गोल चकत्या कापून बसवल्या. गॉगलच्या काचा त्या! गिटार अशी देखणी झाली की आम्ही दोघी बायका गप्प बसलो. त्या घरात असं फार वेळा घडत नाही.

बबडी आली. मीही साखर परत करायला गेले. भावजींनी गिटार तिच्या हातात दिली, डाव्यांची, जशी ती नऊ वर्षांची असताना धरू बघत होती तशी. बबडीने खाचांवरून, चकत्यांवरून हात फिरवला. डावा हात तारांवर ठेवला, उजव्याने मान धरली. आणि अडकली. सुरांवर बोटं ठेवायला सहा वर्षं शिकला होता तो डावा हात, आणि तो आता भलत्याच ठिकाणी होता. उजवी बोटं लाकडासारखी. तारा नुसत्या फरफरल्या. तिने सवयीने गिटार फिरवून बघितली, तर जाड तारा खाली, बारीक वर. तेही जमेना.

"फार सुंदर केलीत हो बाबा," ती म्हणाली. "पण माझा हात कुठला, हेच मला आता कळत नाही."

ती हसत म्हणाली, म्हणून आम्हीही हसलो. भावजी हसले नाहीत. जाताना तिने गिटार त्यांच्याकडेच ठेवली.

आता ती दुकानात भिंतीवर आहे. परवा माझा चष्मा घ्यायला गेले. भावजींनी तो माझ्या नाकावर बसवला. जरा तिरकाच राहिला, तरी सरळ केला नाही. मला ते बघवेना, म्हणून मी आपली जीभ चालवली. "भावजी, तुम्ही उजवे, लेक धड ना डावी ना उजवी. तारा परत सुलट्या करा आणि विकून मोकळे व्हा."

भावजींनी गिटार खाली काढली, उजव्या हाताने मान पकडली आणि डाव्याने एक तार छेडली. इतका बेसूर आवाज मी आमच्या नळाचाही ऐकला नाही.

"सुलटं करण्याची हौस फिटली, वहिनी. तिने सहा वर्षं नको त्या हाताने वाजवली, तेवढी आता मी वाजवणार. त्रास होत असेल तर खिडकी लावून घ्या."