मिस ओडेसानं जागं केलेलं मंडळ

आमच्या मिसिसिपीतल्या गावात जिचं डोकं मिस ओडेसाच्या हाताखालून गेलं नाही, ती बाई गावची नाहीच समजा. (मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आमच्याकडे मानानं ‘मिस’च म्हणतात.) सोळाव्या वर्षी दिवस गेले म्हणून शाळेनं तिला घरी बसवलं होतं. मग उभा जन्म आपल्या दुकानात बायकांचे केस धुण्यात, विंचरण्यात गेला. नातवंडं शाळेत जायला लागली, तेव्हा तिनं राहिलेली शाळेची परीक्षा दिली, कॉलेजात नाव घातलं आणि समाजशास्त्र घेतलं.

नवरा ओथा हसला. “गावच्या भानगडी शिकायला कॉलेज कशाला? दुकान होतंच की तुझं!”

“कोण काय करतं ते दुकानात कळायचं. का करतं, ते आता शिकतेय.”

शेवटच्या वर्षी हार्ट्सफील्ड सरांनी तिला वर्गानंतर थांबवून घेतलं. समाजशास्त्राच्या गुणवंतांचं देशभराचं मोठं मंडळ आहे, त्यात तिची निवड होत होती. “पण आपली शाखा कधीचीच झोपलीय,” सर म्हणाले. “तुमचं मानपत्र टपालानं येईल.”

“टपालानं? मान काय टपालानं येतो होय, सर? आणखी कोण कोण बसतंय यात?”

“चौघं. गुरुवारी दुपारी समारंभ करू म्हणून निरोप धाडले, पण कुणी फिरकलंच नाही.”

त्या चौघांतली मी एक. कोंबड्यांच्या कारखान्यातली माझी पाळी सुटली, तर फाटकाशी मिस ओडेसा उभी.

“कोरा, निरोप मिळाला ना?”

“मिळाला, मिस ओडेसा. पण तसली मंडळं बड्यांच्या पोरांची. आणि समारंभ गुरुवारी दुपारी. तेव्हा मी इथं कोंबड्या कापत असते.”

“मग त्यांची वेळ चुकली, तू नाही चुकलीस. मोकळी कधी असतेस?”

“रविवारी, चर्च सुटल्यावर.”

“मग रविवारीच!”

बाकीच्या तिघांनाही तिनं असंच गाठलं. नंतर ती थेट विभागप्रमुखांसमोर जाऊन बसली आणि समारंभ रविवारी चर्चच्या तळघरात करा म्हणाली. समारंभ कॉलेजच्या सभागृहातच होतो, तसा रिवाज आहे, असं ते म्हणाले.

“रिकाम्या खुर्च्यांसमोर?” तिनं विचारलं.

ते हसले आणि “चला, रविवार!” म्हणाले.

चर्चच्या तळघरातल्या जेवणघरात चर्चची आख्खी मंडळी रविवारच्या ठेवणीतल्या टोप्या घालून जमली. आत मासे तळले जात होते. काळ्या झग्यात घामाघूम झालेले सर एकेकाचं नाव पुकारत गळ्यात मंडळाचा मानाचा मोरपंखी गोफ घालत होते. माझं नाव आलं तशी माझी आई खुर्चीवर चढून ओरडायला लागली.

मिस ओडेसाचं नाव शेवटी होतं. ती उठली आणि सगळं जेवणघर उठलं. टाळ्या थांबेनात. सरांना दोनदा गोफ हातात धरून थांबावं लागलं.

“बायको आहे ती माझी!” ओथा मागून गरजला. “माझी!”

“खाली बस, ओथा,” पाद्रीबाई म्हणाल्या. “लग्न आम्हीच लावलं होतं!”

मिस ओडेसा हसत होती आणि डोळे पुसतही नव्हती. खुशाल गालांवरून पाणी वाहू देत होती.

त्याच दिवशी आम्ही तिला शाखेची अध्यक्ष केलं. पुढच्या वर्षी इतकी पोरं निवडली गेली, की तळघरातल्या खुर्च्या पुरेनात. अंत्यविधीची सोय करणाऱ्या दुकानातून उसन्या आणाव्या लागल्या.